बाहीच्या तीन दुमडी

१

मेलेल्या पोराचे कपडे कुणी धुऊन, शिवून, घडी घालून आईच्या हातात देत नाही. जाळतात. गोवराने गेलेल्या पोराचे तर त्याच दिवशी. बुसानच्या टेकडीवरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, तोही हेच सांगेल. म्हणून त्या मंगळवारी, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, 'पहाट' बालगृहाच्या पायऱ्यांशी गिल आजीचे पाय थबकले.

पायरीवर एक बाई बसली होती. वय तिशीच्या आतलं, केस मात्र अर्धे पिकलेले. मांडीवर लहान मुलीची निळी, लांब बाह्यांची, कापूस भरलेली बंडी. बाई रडत नव्हती. बंडीवरून नुसता हात फिरवत होती, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

गिल आजी म्हणजे चर्चची प्रचारक बाई. बासष्ट वर्षांची विधवा, लढाईत प्योंगयांगहून चालत आलेली. पाठीवर गाठोडं, त्यात पवित्र पुस्तक, भजनांची वही आणि सुईदोरा. फळकुटांच्या झोपड्यांतून ती दारोदार फिरे आणि उपदेश बोलून नव्हे, गाऊन करी. पाळकबुवांच्या प्रवचनात लोक डुलक्या काढत. आजीने दारात उभं राहून सूर लावला की नळावर भांडणाऱ्या बायकासुद्धा हंडे खाली ठेवत. देवाने म्हातारीचे दात नेले पण गळा ठेवला, असं लोक म्हणायचे.

"काय झालं गं बये?"

"मेली," बाई म्हणाली. "माझी बुन-इ. म्हणे गेल्या शरदातच मेली, गोवराने. हिवाळ्याचा कोबी खारवायच्या आधी."

हेल हाम्हुंगकडचा होता, थेट उत्तरेचा. आजी शेजारी टेकली. हळूहळू कळलं ते असं. बाईचं नाव ओक-दान. साडेतीन वर्षांपूर्वी, लढाईतल्या पहिल्या हिवाळ्यात, पोरीला पाठीशी बांधून बोटीने दक्षिणेत आली. चार महिन्यांत पकडली गेली. गुन्हा एवढाच, की सख्खा भाऊ पलीकडच्या फौजेत होता. पोरीला शेजारणीने 'पहाट'मध्ये आणून सोडलं. ओक-दान गेल्या शनिवारी सुटली, ती चालतच इथे आली.

"आणि हे तुला कुणी दिलं?"

"नर्सबाईंनी. चांगल्या आहेत हो. मला धरून त्याच रडल्या. म्हणाल्या, पोरीच्या अंगात शेवटी हीच होती, मी माझ्या हाताने धुऊन ठेवली."

आजीने बंडी हातात घेतली. गळ्याची पांढरी पट्टी कोरी करकरीत, आत्ताच बसवलेली. "ही तू शिवलेली?"

"निघायच्या आदल्या आठवड्यात. बाह्या मुद्दाम लांब कापल्या आणि आत तीन दुमडी घालून टीप मारली. दर नव्या वर्षाला एक उसवायची. म्हटलं, तीन वर्षांत लढाई संपेल, घरी जाऊ." ओक-दान पहिल्यांदाच हसल्यासारखी झाली. "वेडीच मी."

आजीने बाही उन्हात धरली. कापड विटून गेलं होतं, पण मनगटाकडे तीन पट्टे होते, पायरीपायरीने गडद होत गेलेले. जी दुमड जेवढी उशिरा उसवली, तिच्या आतला रंग तेवढा ताजा. शेवटचा पट्टा जवळजवळ नवाकोरा, फक्त कडेला सोया सॉसचा एक डाग आणि थोडी झीज. काठाची टीप पांढऱ्या दोऱ्याची, आत एक निळा पीळ.

"पहिलं नवं वर्ष पोर तुझ्याजवळच होती?"

"हो. तेव्हा बंडीच नवी होती."

"मग दुसऱ्याला एक दुमड, तिसऱ्याला दुसरी..."

"आणि यंदाच्या नव्या वर्षाला तिसरी," ओक-दान म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

"यंदाचं चंद्राचं नवं वर्ष फेब्रुवारीत झालं," गिल आजी हळूच म्हणाली. "तुझी पोर शरदात गेली म्हणतात. मग बये, ही तिसरी दुमड कुणासाठी उसवली?"

२

ओक-दानला आपल्या खोपटात बसवून, बार्लीचा भात आणि समुद्री शेवाळाचं सार पुढ्यात ठेवून, आजी एकटीच परत आली.

संचालक जू कचेरीत उभ्यानेच बोलले. उंच, सुकलेला माणूस. अंगात परदेशातून दानात आलेला कोट, बाह्या वीतभर आखूड.

"पोरं वाढतात, आजी. एका वर्षी दोन दुमडी उसवल्या असतील. शिवणातलं मला काय विचारता?"

"बरोबर आहे. तुमच्या अंगावरच्या कोटाचं तुम्हाला कळलेलं दिसत नाही," आजी म्हणाली. "बुन-इला शेवटचं तुम्ही पाहिलंत?"

"मी सप्टेंबर ते डिसेंबर इथे नव्हतो. सोलपासून गावोगाव मदत गोळा करत हिंडत होतो. परत आलो तेव्हा तीन पोरं कमी होती." त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "ऐंशी पोरं आहेत. तोंडं बघून सगळी ओळखू येत नाहीत मला. लाज वाटते, पण खरं आहे. आणि शुक्रवारी सकाळी बोट आहे. चार मुलं समुद्रापार जायची आहेत, नव्या आईबापांकडे. आज तुमचं भजन ऐकायला वेळ नाही."

"त्या बाईला एकदा सगळ्या मुलांवरून नजर फिरवू द्या. मग गप्प बसेन."

"ती बाई तुरुंगातून आलीय. दर आठवड्याला चौकीवर हजेरी आहे तिची. इथे आरडाओरडा केला तर मलाच चौकीवर कळवावं लागेल, आणि पुन्हा आत गेली तर बाहेर येणार नाही. तिच्याच भल्याचं सांगतो."

भल्याचं सांगणारी माणसं आजीने दोन्ही बाजूंना पाहिली होती. ती वाकून नमस्कार करून बाहेर पडली.

व्हरांड्यात ह्योन कारकून पत्र लिहीत बसला होता. बोटांना शाई, केसांना तेल. परदेशी दात्यांना पत्रं लिहिणं हे त्याचं काम, आणि त्याची त्याला फार घमेंड.

"या, या, आजी! तुम्ही गाऊन पोट भरता, आम्ही लिहून ऐंशी पोटं भरतो."

"मग ऐकव की एखादं."

त्याला तेवढंच हवं होतं. "हे बघा, आमची योंग-सिल. शुक्रवारी निघाली. दीड वर्षापूर्वी हा फोटो पाठवला आणि एका जोडप्याचा जीव जडला तिच्यावर. त्यांच्या गावच्या चर्चने तेव्हापासून दुधाच्या भुकटीचे डबे धाडले. ऐंशी पोरांचं दूध, आजी! ही माझ्या पत्रांची करामत. मी काय काय नाही लिहिलं! बार्लीच्या पाण्याची किटली उजव्या पायावर सांडली तरी पोर हूं की चूं करत नाही, असं लिहिलं. तर त्यांनी मलम पाठवलं आणि लाल बूट पाठवले."

फोटोत बर्फात उभी असलेली एक चिमुरडी होती. गोल चेहरा, आखूड केस. या टेकडीवरच्या शंभर पोरी तशाच दिसत.

"तिला भेटता येईल?"

"अहो, जाणारी पोरं सगळी वेगळ्या खोलीत. नर्सबाईंचा कडक हुकूम. आता जाताना पडसंसुद्धा नको. मी स्वतः महिनोन् महिने पाहिलेलं नाही तिला. गोवराची साथ आली तेव्हापासून नर्सबाई तिला जपून आहेत."

आजी उठली. मागून ह्योनचा आवाज आला, या वेळी दबका. "आजी, त्या उत्तरेच्या बाईच्या नादी लागू नका. तुम्हीही तिकडच्याच. लोक दोन आणि दोन पाच करतात."

३

नर्स सोक औषधाच्या खोलीत पट्ट्या उकळत होती. डोळे तांबारलेले, झोप नसलेली. पांढऱ्या कोटाची दोन बटणं तुटलेली, तिथे टाचण्या लावलेल्या.

"त्या बाईंचं कळलं तुम्हाला? माझ्या काळजाला घरं पडली, आजी."

"तूच डोळे मिटलेस ना पोरीचे?"

"माझ्याच मांडीवर गेली." तिने चिमट्याने पट्टी उचलली. हात स्थिर होता. "बंडी मीच धुतली. आईला काहीतरी मिळावं म्हणून ठेवली."

"फार केलंस. कापसाची बंडी धुवायची म्हणजे आधी सगळी उसवायची, कापूस काढायचा, धुऊन खळ द्यायची, मोगरीने बडवायची, मग पुन्हा शिवायची. दोन दिवस जातात."

"गेले की," नर्स म्हणाली. "रात्री जागून शिवली."

आजीने टाचण्यांकडे पाहिलं आणि गाठोडं पाठीवर घेतलं.

शिवणाच्या खोलीत योमबाई होती. पन्नाशीची, कमरेत वाकलेली. स्वतःचं सगळं बाँबमध्ये गेलं, तेव्हापासून 'पहाट'मधल्या मुलींना सांभाळणं आणि शिवणं एवढंच तिचं जग. आजी शेजारी बसली आणि आपली फाटकी पिशवी काढली.

"योम, जरा दोरा दे गं. माझा संपला."

योमबाईने रीळ पुढे केलं. पिठाच्या गोण्यांच्या शिवणीतून सोडवलेला दोरा, पांढरा, आत एक निळा पीळ. आजीच्या मनात निळ्या बंडीची बाही लख्खकन उभी राहिली. तिसऱ्या दुमडीच्या जागी घातलेली टीप याच दोऱ्याची होती. गळ्याची पट्टीही.

"छान आहे गं दोरा. कधीपासून मिळतो हा?"

"या गोण्या नव्या. डिसेंबरात आल्या, बर्फ पडलं त्या दिवशी. आधीच्यांचा दोरा साधा होता, लगेच तुटायचा." एवढं बोलून योमबाईने ओठ मिटले. सुई मात्र चालतच राहिली.

"आणि बुन-इची बंडी?"

सुई थांबली.

"आजी, मला इथून काढलं तर मी कुठे जाऊ?" योमबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नर्सबाई धावत आल्या. म्हणाल्या, आई फाटकात उभी आहे, बुन-इचं काहीतरी दे, लवकर. मी दिलं. त्यांनी उलगडूनही पाहिलं नाही. मला याहून जास्त विचारू नका. तुम्हाला देवाची आण आहे."

"देवाची आण घातलीस ना? मग त्यालाच विचारते," म्हणत आजी उठली. दारात वळून म्हणाली, "तोच हल्ली जरा कमी बोलतो."

४

बुधवारी सकाळी आजी टेकडीमागे गेली. लहान मुलांच्या कबरीवर मातीचा घुमट करत नाहीत. चटईत गुंडाळून पुरतात, वर दगड रचतात, आणि मागे न बघता परततात. आईबाप तर तिथे येतही नाहीत. रानफुलांनी टेकडी गुलाबी झाली होती आणि त्या गुलाबीत दगडांचे तीन ढिगारे. मधल्यावर फळीचा तुकडा: बुन-इ.

'पहाट'चा फाटकवाला कू म्हातारा तिथेच लाकडं फोडत होता. मुलांना शेवटचं पाठीवरून इथे तोच आणायचा.

"काय हो कू आजोबा, फळी कशाला लावलीत? लहान पोराला कुणी लावतं?"

"नर्सबाईंचा हुकूम. मी आपला हुकमाचा ताबेदार. तुम्ही उत्तरेच्या बायका फार प्रश्न विचारता बुवा."

"आणि तुम्ही दक्षिणेचे पुरुष उत्तरं द्यायला फार महाग. इकडे या, तंबाखू देते."

तंबाखूने म्हातारा मऊ झाला. त्याने चिलीम पेटवली. मग आपणहून म्हणाला, "चटई आखूड होती. काय करणार, मोठी नव्हतीच. पाठीवर घेतली आणि वाटेत एक पाऊल बाहेर आलं. मी थांबून आत सारलं. परत बाहेर आलं. शेवटी हातात धरूनच वर आलो ते पाऊल." त्याने नाक पुसलं. "एवढुसं. वर भाजल्याचा डाग, चमच्याएवढा. अजून हाताला आठवतो."

"कुठलं पाऊल?"

"उजवं."

आजी धावत, म्हणजे तिच्या वयाला जमेल तशी धावत, खोपटात आली. ओक-दान चुलीसमोर बसली होती.

"तुझ्या बुन-इचा पाय कधी भाजला होता?"

"नाही. माझ्याजवळ तरी कधीच नाही."

किटली. मलम. लाल बूट. आजी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. दगडांखाली एक पोर दुसरीच्या नावाने निजली होती. आणि जिचं नाव फळीवर होतं ती परवा सकाळी, मेलेलीच्या नावाने, बोटीवर चढणार होती.

"आजी, काय झालं? बोला ना!"

"उठ," आजी म्हणाली. "तोंड धू. उद्या देवाच्या घरी जायचंय."

५

त्या आठवड्यातला गुरुवार म्हणजे प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो दिवस. जाणाऱ्या चार मुलांचे पाय धुऊन त्यांना आशीर्वाद द्यावा, एवढंच आजीने मागितलं, आणि या मागण्याला जू नाही म्हणू शकले नाहीत.

दुपारी प्रार्थनेच्या खोलीत मुलं दाटीवाटीने बसली. बाकावर जाणारी चौघं: दोन मुलगे, दोन मुली. शेवटची सहा वर्षांची, आखूड केसांची, पायांत लाल बूट. आजीने परात मांडली आणि गाऊ लागली. धनी वाकला, चाकर बसून राहिले; धन्याच्या हाताला चाकरांच्या वाटेची धूळ लागली. सूर खाली गेला, वर चढला. मागच्या पोरांनी ताल धरला. योमबाई शिवणातल्या चिंधीने डोळे पुसत होती.

तिघांचे पाय झाले. आजी चौथीपुढे सरकली.

"तिला पडसं आहे," नर्स सोक पुढे आली. "पाय ओले नकोत."

"पाणी कोमट आहे, बाळा. तुझ्या जिभेपेक्षा जास्त गरम नाही," आजी मुलीला म्हणाली आणि बूट काढला. मग मोजा.

तिने उजवं पाऊल दोन्ही हातांत धरलं. गोरं, गुळगुळीत, अखंड.

"ह्योनसाहेब," आजी मान वर न करता म्हणाली, "किटलीचा डाग कुठे गेला हो?"

ह्योन उठला. पावलाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. मग शाईची बोटं तेलकट केसांत खुपसून परत खाली बसला.

"जूसाहेब, तुम्हीही बघा. योंग-सिलचं भाजलेलं पाऊल शरदात कू आजोबांनी हातात धरून टेकडीवर नेलं. त्यावर फळी लावली बुन-इच्या नावाची. आणि बुन-इ नव्या वर्षाला तिसरी दुमड उसवून, तीच निळी बंडी घालून जेवली. सोया सॉसचा डाग पाडला. ती टीप पिठाच्या गोण्यांच्या दोऱ्याची, आणि त्या गोण्या डिसेंबरात आल्या. मेलेलं पोर डिसेंबरातल्या दोऱ्याने शिवलेलं घालत नाही." ती पाय पुसू लागली. "कुणी केलं, यावर मी दोन दिवस झोपले नाही. जूसाहेब, आधी तुमचाच संशय आला. पण तुम्ही इथे नव्हता. ह्योनसाहेबांनी डागाची गोष्ट मला आपणहून सांगितली. ज्याला लपवायचंय तो सांगत नाही. योमने तर बंडीच आईच्या हाती पोचू दिली. उरली एकच. आईला म्हणाली, पोर हीच बंडी घालून गेली. मला म्हणाली, मी उसवून, धुऊन, रात्री जागून शिवली." आजीने आता नर्सकडे पाहिलं. "पोरी, तुला कोटाला बटण लावता येत नाही. तू टाचण्या लावतेस. आणि सुई कधी हातात धरली नाहीस, म्हणूनच त्या बंडीवर काय लिहिलंय ते तुला वाचता आलं नाही."

नर्स सोकने नाकारलं नाही. ती भिंतीला टेकली.

"योंग-सिल पहाटे गेली. वॉर्डात आणखी एकोणीस पोरं गोवराची होती. दूध त्या जोडप्याच्या गावाहून यायचं. पोर गेली असं कळवलं असतं आणि दूध थांबलं असतं तर आणखी दहा तरी गेली असती. मी मोजलं, आजी. रडत नव्हते, मोजत होते. त्या साथीत कुणाला कुणाचं भान नव्हतं. बुन-इ तिच्याच वयाची. फाइलवर आईच्या नावापुढे शिक्का होता, पलीकडच्यांची नातेवाईक म्हणून. अशा आया परत येत नाहीत. आल्या तरी तोंड उघडत नाहीत." तिने मुलीकडे बोट दाखवलं. "आणि तिथे तिला शाळा मिळाली असती. इथे जन्मभर लाल घराण्यातली पोर म्हणून थुंकतील तिच्यावर. खोटं आहे का?"

"नाही, खरं आहे," आजी म्हणाली. "तुझं मापही बरोबर असेल. पण ते माप तू दुसरीच्या कणगीतून भरलंस. तिला न विचारता."

दार उघडलं. कू म्हाताऱ्यामागून ओक-दान आत आली. बाकावरच्या मुलीकडे पाहून ती तिथेच खाली बसली. "बुन-इ," ती म्हणाली. मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग बाकावरून उतरली आणि ओल्या पावलांनी धावत जाऊन योमबाईच्या मागे लपली.

आजी जूंकडे वळली.

"चौकीवर कळवायचं म्हणत होता ना?" आजीने विचारलं. "कळवा. मीही येते. शुक्रवारी बोटीवर कोण कुणाच्या नावाने चढणार होतं, तेही सांगू."

"ह्योन," जू म्हणाले, "पत्र लिहा. योंग-सिल शरदात गेली, आम्ही खोटं बोललो, एवढंच. शब्दांची फुलं नकोत. बोटीवर तीन मुलं जातील." मग नर्सकडे न बघता म्हणाले, "सोमवारी तुम्ही आणि मी चौकीवर जाऊ. मीही. माझ्या छताखाली झालं."

वॉर्डात सहा पोरं तापात होती आणि नर्स दुसरी नव्हती. सोकबाईने डोळे पुसले आणि ती आत गेली. कुणी अडवलं नाही. भांडाराच्या खोलीत दुधाचे डबे तीन आठवड्यांपुरते होते.

बाहेर पडताना आजीने योमबाईला गाठलं. "खरं सांग. बंडी मुद्दाम दिलीस?"

योमबाईने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "हातांनी दिली, आजी. मी त्यांना अजून विचारलेलं नाही."

६

शनिवारी आजी पुन्हा टेकडीमागे गेली. कू आजोबांनी जुनी फळी काढली. नवी लावावी का, यावर दोघांचं थोडं भांडण झालं, आणि लावलीच. योंग-सिल. सहा महिने ती पोर परक्या नावाने निजली होती. देवाला नाव ठाऊक असणारच, तरी आजीने तीनदा हाक मारली. मग हलक्या आवाजात गायली. रीत मोडून ती परतताना मागे वळून बघत होती.

खोपटात ओक-दान शिवत होती. दानातल्या एका जाड कोटाचं कापड, करडं. योमबाई दोन रात्रींसाठी राहायला आली होती, कारण पोर तिच्याशिवाय निजत नव्हती. बुन-इ दाराशी, जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली होती. बुन-इ म्हटलं तर बघत नव्हती. योंग-सिल म्हटलं की मान वर करायची. आईला ती 'अहो बाई' म्हणत होती.

"बाह्या लांब ठेवल्यास?" आजीने विचारलं. "किती दुमडी घालतेस?"

"एकही नाही," ओक-दान म्हणाली. तिने दोरा दातांनी तोडला. "मापाचीच शिवते. पुढच्या वर्षी नवी शिवीन."

मग ती दाराकडे वळली. "माप हवं होतं. हात जरा पुढे करशील?"

पोरीने योमबाईकडे पाहिलं. जागची हलली नाही. पण हात मात्र पुढे केला, सरळ, ताठ. ओक-दान दोरी घेऊन गुडघ्यांवर सरकत सरकत तिच्यापर्यंत गेली.